आयर महामार्ग

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळून नलारबॉर मैदान ओलांडून जाणारा व वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया ही राज्ये जोडणारा महामार्ग. लांबी सु. १,६६० किमी. पश्चिमेस नॉर्समन व पूर्वेस पोर्ट ऑगस्टा ही त्याची टोके होत. एडवर्ड जॉन आयर (१८१५–१९०१) या इंग्रज समन्वेषकाचे नाव त्यास देण्यात आले आहे. बॅलाडोनिया व कायगुना या दोन थांब्यांच्या दरम्यान हा रस्ता १४६·६ किमी.पर्यंत एकही वळण न घेता जातो. मैल हे परिमाण प्रचारात असताना रूढ झालेल्या ‘नव्वद मैली सरळ मार्ग’ या नावाने हा टप्पा ओळखला जातो व तो ऑस्ट्रेलियातील सर्वांत लांब सरळ रस्ता असल्याचा फलक तेथे उभारलेला आहे. वळण नसलेल्या रस्त्यावर वाट चुकण्याचा संभव जवळजवळ नसतो. मात्र वाटेवर आपण नेमके कोठे आहोत हे ओळखणे आणि शेवटपर्यंत सावध राहणे, ही दोन कामे अशा रस्त्यावर अवघड होऊन बसतात. आयर महामार्गाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन अडचणींचा व त्यांवर योजलेल्या उपायांचा इतिहास आहे.

भूमी व पाणी : नलारबॉर हे सु. २ लाख चौ. किमी. क्षेत्राचे चुनखडकाचे सपाट मैदान आहे. एके काळी समुद्रतळावर साचलेले हे थर पुढे उचलले गेले व त्यांचे पठार बनले. पाऊस थोडा पडतो आणि पडलेले पाणी खडकातील भेगांमधून व विवरांमधून खाली निघून जाते. त्यामुळे शेकडो किमी.च्या या पट्ट्यात वाहती नदी किंवा ओढा नाही. दक्षिणेस पठाराची कड ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या उपसागरावर उंच कड्यांच्या रूपाने अनेक ठिकाणी एकदम तुटते. मैदानाचे नाव ‘झाड नसलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून १८६० नंतरच्या दशकात डेलिसर या भूमापकाने दिले. हे वर्णन मैदानाच्या मध्यभागास लागू पडते. महामार्गाच्या कडेने पुष्कळ ठिकाणी निलगिरीच्या जातीची ठेंगणी झाडे व खारट जमिनीत वाढणारी झुडपे आढळतात.

रस्ता वळतो तो नदीच्या उतारासाठी, डोंगर टाळण्यासाठी, गावास जाऊन मिळण्यासाठी किंवा शेताच्या बांधास वळसा घालण्यासाठी. यांपैकी कोणतेही कारण येथे नाही. तथापि या भूमीवरील मूळच्या वाटा सरळ नव्हत्या. किनाऱ्यालगतचे मिर्निंग व पश्चिमेकडील न्गाजू हे येथील आदिवासी लोकसमूह खडकातील खळग्यांत साठलेले पाणी, विवरांतील पाणी, किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांखाली हाताने उकरून काढावयाचे गोडे पाणी आणि विशिष्ट झाडांच्या मुळांतून मिळणारे पाणी यांच्या आधाराने हिंडत. एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या या वाटांचे प्रत्येक वळण म्हणजे पाण्याविषयीची एक माहितीच होती. ज्याला ती माहिती नव्हती, त्याला सपाट मैदान कितीही मोकळे दिसले तरी ते ओलांडणे अशक्यप्राय होते.

आयरचा प्रवास : ही गोष्ट आयरच्या प्रवासाने स्पष्ट झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील वसाहतीपासून पश्चिमेकडे गुरे नेता येतील असा खुष्कीचा मार्ग मिळतो किंवा कसे, हा त्या काळातील महत्त्वाचा प्रश्न होता. आयर २५ फेब्रुवारी १८४१ रोजी फाउलर्स बे येथून निघाला. त्याच्याबरोबर जॉन बॅक्स्टर हा देखरेख करणारा सहकारी आणि वायली, जोई व यारी हे तीन आदिवासी तरुण होते. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत पोहोचण्यास त्यांना कधीकधी सात-सात दिवस लागले. वाटेत भेटलेल्या आदिवासींनी वाळूच्या टेकड्यांत कोठे उकरावे हे दाखविले, म्हणून ते वाचले. जेथे असे मार्गदर्शन मिळाले नाही, तेथे झाडांची मुळे तोडून त्यांतील पाणी गोळा करावे लागले व पहाटे झुडपांवर पडलेले दव स्पंजाने टिपावे लागले.

२९ एप्रिल १८४१ च्या रात्री बॅक्स्टरचा गोळी घालून खून झाला आणि जोई व यारी बंदुका व शिधासामग्री घेऊन निघून गेले. ही घटना आजच्या कायगुनाच्या दक्षिणेस किनाऱ्यावरील कड्यांच्या भागात घडली. तेथील जमीन अखंड खडकाची असल्याने बॅक्स्टरला पुरताही आले नाही. त्यानंतर आयर व वायली हे दोघेच पुढे गेले. जूनमध्ये किनाऱ्यावर नांगरलेले ‘मिसिसिपी’ हे देवमाशांची शिकार करणारे फ्रेंच जहाज त्यांना आढळले व त्यावरील मुक्कामामुळे त्यांचे प्राण वाचले. ७ जुलै १८४१ रोजी ते ऑल्बनी येथे पोहोचले. या मार्गाने गुरे नेणे शक्य नाही, हा आयरच्या प्रवासाचा प्रत्यक्ष निष्कर्ष होता. आयर पुढे जमेकाचा गव्हर्नर झाला व १८६५ मध्ये तेथील मोरँट बे येथील उठाव त्याने निर्दयपणे मोडून काढला. त्यामुळे इंग्लंडमध्ये मोठा वाद माजला. महामार्गास त्याचे नाव असले, तरी ज्यांच्या ज्ञानामुळे तो वाचला त्या लोकांची स्मृती मार्गाच्या नावात उमटलेली नाही.

तारेचा मार्ग : १८७० मध्ये जॉन फॉरेस्ट याने पर्थहून ॲडिलेडपर्यंत किनाऱ्याच्या बाजूने मजल मारली. त्याच्या पाठोपाठ तारायंत्राची ओळ टाकण्याचे काम १८७५ मध्ये सुरू होऊन डिसेंबर १८७७ मध्ये पुरे झाले. दोन्ही वसाहतींच्या ओळी यूक्ला येथे मिळत. तेथील कचेरीत दोन्ही वसाहतींचे तारवाले एकाच इमारतीत बसत आणि एकीकडून आलेला संदेश कागदावर उतरवून हातोहात दुसरीकडे देत.

प्रवाशाच्या दृष्टीने तारेचे महत्त्व निराळे होते. मैदानात प्रथमच माणसाने उभारलेली एक सलग खूण निर्माण झाली. खांबांच्या रांगेमुळे दिशा कळू लागली आणि तारकचेऱ्यांच्या ठिकाणी पाणी व मदत मिळू लागली. १८९६ मध्ये आर्थर रिचर्डसन हा सायकलस्वार कुलगार्डीहून निघून या खांबांच्या आधाराने ३१ दिवसांत ॲडिलेडला पोहोचला. १९१२ मध्ये फ्रान्सिस बर्टल्स व सिड फर्ग्युसन यांनी फ्रीमँटलहून सिडनीपर्यंत मोटारीने प्रवास केला, तोही याच बाजूने. १९२७ मध्ये तारेची वाहतूक लोहमार्गालगतच्या ओळीकडे वळविण्यात आली व यूक्लाची कचेरी ओस पडली. तिच्या दगडी भिंती पुढे सरकत्या वाळूत गाडल्या गेल्या.

लोहमार्ग : सरळ रेषेचा पहिला मोठा प्रयोग या मैदानात रस्त्याने नव्हे, तर लोहमार्गाने केला. पोर्ट ऑगस्टा ते कॅलगुर्ली हा १,६९३ किमी. लांबीचा ‘ट्रान्स-ऑस्ट्रेलियन’ लोहमार्ग १९१२ मध्ये बांधावयास घेण्यात आला. दोन्ही टोकांकडून आलेले रूळ १७ ऑक्टोबर १९१७ रोजी उल्डी येथे जुळले. महामार्गाच्या बऱ्याच उत्तरेस असलेल्या या मार्गाचा ४७८ किमी.चा भाग संपूर्ण सरळ असून जगातील सर्वांत लांब सरळ लोहमार्ग म्हणून तो प्रसिद्ध आहे. बांधकामासाठी लागणारे पाणी व साहित्य वाहण्यास उंटांचा मोठा उपयोग झाला. हे उंट व त्यांचे चालक एकोणिसाव्या शतकापासून अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब व राजस्थान या प्रदेशांतून ऑस्ट्रेलियात नेण्यात आले होते. पुढे मोकळे सोडलेल्या उंटांचे वंशज आजही मैदानात फिरतात.

वाफेच्या एंजिनांना लागणारे पाणी हा या मार्गावरील कायमचा प्रश्न होता. भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्याने बाष्पित्रे लवकर खराब होत. १९५१ मध्ये डीझेल-विद्युत् एंजिने आल्यावर हा प्रश्न सुटला. त्याबरोबर मार्ग आणि पाणवठा यांचे जुने नातेही तुटले. सरळ मार्गाचा खरा अर्थ येथे दिसतो. निसर्गात पाणी जेथे आहे तेथे जाण्याऐवजी पाणी व इंधन बरोबर नेण्याची सोय झाली, की वाटेला वळणाची गरज उरत नाही. वळण नाहीसे होते ते भूमी बदलल्यामुळे नव्हे, तर प्रवाशाचे भूमीवरील अवलंबन संपल्यामुळे.

मोटाररस्ता : दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाची निकड भासू लागली, तेव्हा १९४१–४२ मध्ये सैनिकी गरजेपोटी येथे सलग मोटाररस्ता काढण्यात आला. तो खडीचा होता. पावसात चिखल व उन्हाळ्यात पीठासारखी धूळ यांमुळे अनेक वर्षे या रस्त्याने जाणे हे एक साहसच मानले जाई. १९६० मध्ये नॉर्समनच्या बाजूने डांबरीकरणास प्रारंभ झाला. १९६२ मध्ये पर्थ येथे भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या सुमारास कायगुना येथे प्रवाशांसाठी थांबा निघाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील भागाचे डांबरीकरण १९६९ मध्ये व साउथ ऑस्ट्रेलियातील भागाचे १९७६ मध्ये पूर्ण झाले.

खडीच्या रस्त्यावर चालकाला खड्डे, चाकोऱ्या व निसरड्या जागा पाहून सतत हात फिरवावा लागे. नकाशावर रेषा सरळ असली, तरी प्रत्यक्ष प्रवास तसा नव्हता. डांबरीकरणामुळे रस्ता खऱ्या अर्थाने सरळ झाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील ताशी ११० किमी. या वेगमर्यादेने गेल्यास नव्वद मैली टप्पा ओलांडण्यास सु. ८० मिनिटे लागतात. या ८० मिनिटांत सुकाणूचक्र जाणीवपूर्वक फिरविण्याचा प्रसंग क्वचितच येतो. क्षितिजावरील रस्त्याचे टोक जवळ येत नाही, कडेची झुडपे एकसारखी असतात आणि समोरून येणारे वाहन दिसल्यापासून ते ओलांडून जाईपर्यंत बराच वेळ जातो. वाहनाचा वेग आणि पुढच्या वाहनाचे अंतर यांचा अदमास डोळ्यांना नीट घेता येत नाही.

वळण आणि स्थाननिश्चिती : मार्गनिर्देशनाच्या शास्त्रात वळणाचे एक विशेष स्थान आहे. निघाल्याचे ठिकाण, कापलेले अंतर व दिशा यांवरून सध्याचे स्थान काढण्याची रीत नौकानयनात पूर्वापार आहे. या रीतीत मोजमापातील लहानशी चूक अंतराबरोबर साचत जाते. किनाऱ्यावरील दीपगृह किंवा ओळखीचा डोंगर दिसला म्हणजे ती चूक दुरुस्त करता येते. जमिनीवरच्या रस्त्यावर हेच काम वळण, चौक, पूल व गाव ही करतात.

मोटारीसाठी बनविलेल्या पहिल्या यांत्रिक मार्गनिर्देशकांमध्ये हे तत्त्व स्पष्टपणे वापरलेले आढळते. जपानमध्ये होंडा कंपनीने १९८१ मध्ये वायूच्या प्रवाहावर चालणारा घूर्णीदर्शक बसविलेले साधन बाजारात आणले. पारदर्शक नकाशाच्या मागे मोटारीचे स्थान प्रकाशाच्या ठिपक्याने त्यात दिसे. अमेरिकेत ईटॅक या कंपनीचे साधन १९८५ मध्ये आले. त्यात चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर व होकायंत्रावरून दिशा मोजली जाई आणि नकाशे चुंबकीय फितीवर साठविलेले असत. मोटार वळली, की तसे वळण नकाशावर जवळपास कोठे आहे ते यंत्र शोधी आणि साचलेली चूक पुसून टाकी. याचा अर्थ असा, की शहरातील वाकड्यातिकड्या रस्त्यांवर हे यंत्र स्वतःला सुधारीत राही, तर सरळ रस्त्यावर त्याची चूक वाढत जाई. अंतराच्या मोजमापात शंभरात एक एवढी चूक धरली, तरी १४६·६ किमी.च्या अखेरीस ती सु. दीड किमी. होते. मोटार रस्त्याच्या डाव्या-उजव्या बाजूस नाही हे यंत्राला पक्के ठाऊक असे. ती रस्त्यावर किती पुढे गेली आहे एवढेच ठाऊक नसे. माणसाच्या मनाचीही सरळ रस्त्यावर हीच स्थिती होते. म्हणूनच अशा मार्गांवर मैलाचे दगड, तारेचे खांब व अंतराचे फलक यांना केवळ माहितीचे नव्हे, तर धीर देण्याचेही मोल असते.

उपग्रहीय मार्गनिर्देशन : ही अडचण कृत्रिम उपग्रहांनी दूर केली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये हाती घेतलेल्या जागतिक स्थाननिश्चिती प्रणालीचा (जीपीएस) पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला. सु. २०,२०० किमी. उंचीवरून फिरणाऱ्या या उपग्रहांमध्ये आणवीय घड्याळे असतात. निदान चार उपग्रहांच्या संदेशांना पोहोचण्यास लागलेल्या वेळांवरून ग्राहक यंत्र आपले स्थान व अचूक वेळ काढते. वेळेत एक सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात सु. ३०० मी. फरक पडतो; यावरून घड्याळांच्या अचूकतेची कल्पना येईल. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग सोडून सोव्हिएट हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले. त्यानंतर ही प्रणाली पूर्ण झाल्यावर नागरी उपयोगास खुली राहील असे अमेरिकेने जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली आणि नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतर मोटारींमध्ये व पुढे खिशातील दूरध्वनींमध्ये ही सोय सर्वत्र पसरली.

उपग्रहांना वळणाची गरज नसते. नव्वद मैली टप्प्याच्या मध्यावरही ग्राहक यंत्र स्थान काही मीटरपर्यंत अचूक सांगू शकते. मोबाइलचे जाळे नसले तरी यात बाधा येत नाही. मात्र नकाशा आधीच यंत्रात साठविलेला असावा लागतो. स्थाननिश्चिती इतकी सूक्ष्म झाली आहे, की आता भूमीचे स्वतःचे सरकणेही हिशेबात धरावे लागते. ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सु. ७ सेंमी. या वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकत आहे. १९९४ च्या आधारावर ठरविलेले अक्षांश-रेखांश आणि २०२० च्या आधारावरील अक्षांश-रेखांश यांत त्यामुळे सु. १·८ मी. अंतर पडले व देशाची निर्देशांक पद्धती सुधारून घ्यावी लागली. ज्या सरळ रस्त्यावर वाहनचालकास काहीच हलत नाही असे वाटते, तो रस्ताच याप्रमाणे सरकत असतो.

असे असले तरी अचूक स्थान आणि उपयुक्त मार्गदर्शन या दोन भिन्न गोष्टी होत. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील पोलिसांनी एका दूरध्वनी-नकाशाविषयी लोकांना सावध केले होते. त्या नकाशात मिल्ड्युरा हे शहर प्रत्यक्ष जागेपासून सु. ७० किमी. दूर, पाणी नसलेल्या राष्ट्रीय उद्यानात दाखविलेले होते व तेथे जाऊन काही प्रवासी अडकले होते. उपग्रहांनी सांगितलेले स्थान बरोबर होते. चूक नकाशातील नोंदीची होती. सरळ महामार्गावर अशी चूक घडण्याचा संभव कमी असतो. तेथील उणीव वेगळी असते. मार्गनिर्देशक यंत्र बोलते ते वळण आले म्हणजे. वळण नसेल तर ते गप्प राहते. पडद्यावर पुढच्या वळणाचे अंतर तेवढे कमी होत असते. ज्या वेळी चालकाला जागे ठेवण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच वेळी यंत्राजवळ सांगण्यासारखे काही नसते.

सावधपणाचा प्रश्न : एकसुरी कामात माणसाचे अवधान किती टिकते, याचा शास्त्रीय अभ्यास दुसऱ्या महायुद्धातील रडारयंत्रावरील निरीक्षकांच्या निमित्ताने झाला. केंब्रिज येथील नॉर्मन मॅकवर्थ याने घड्याळाच्या काट्याच्या क्वचित होणाऱ्या दुहेरी उडीकडे लक्ष ठेवावयास लावून प्रयोग केले. पहिल्या अर्ध्या तासातच निरीक्षकांच्या नजरेतून खुणा निसटू लागतात, असे त्याने १९४८ मध्ये दाखवून दिले. लांब व सरळ रस्त्यांवर डोळे उघडे असूनही चालकाचे लक्ष विरून जाण्याच्या अवस्थेस ‘महामार्ग संमोहन’ असे म्हणतात. १९६३ मध्ये जी. डब्ल्यू. विल्यम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या लेखनामुळे या संज्ञेस शास्त्रीय चर्चेत स्थान मिळाले. ही झोप नव्हे, परंतु झोपेचा उंबरठा म्हणता येईल. वाहन ताशी ११० किमी. वेगाने धावत असता चालकाला तीन सेकंदांची डुलकी लागली, तर वाहन ९० मी.हून अधिक अंतर चालकाविना जाते.

आयर महामार्गावर या धोक्यात इतरही भर पडते. अनेक जोडगाड्या ओढणारे अवजड ट्रक या मार्गाने ये-जा करतात. पहाटे व संध्याकाळी कांगारू, एमू, वाँबट व उंट रस्त्यावर येतात. जवळचे मोठे रुग्णालय शेकडो किमी. दूर असल्याने किरकोळ वाटणारी दुखापतही जिवावर बेतू शकते. यासाठी महामार्गाच्या काही सरळ भागांवरच रुंद पट्टे आखून रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस या वैद्यकीय विमानसेवेची विमाने उतरण्याची सोय करण्यात आली आहे. ज्या सरळपणामुळे अपघाताचा संभव वाढतो, तोच सरळपणा अपघातानंतर धावपट्टी म्हणून उपयोगी पडतो.

थांब्यांचे महत्त्व यावरून लक्षात येते. बॅलाडोनिया, कायगुना, कॉकलबिडी, मदुरा, मुंड्राबिला, यूक्ला व नलारबॉर येथे इंधन, अन्न व निवासाची सोय आहे. जुन्या पाणवठ्यांची जागा आता या थांब्यांनी घेतली आहे. कायगुनाच्या पूर्वेस तर घड्याळ पाऊण तास पुढे न्यावे लागते. सीमेलगतच्या थोड्या वस्त्यांमध्ये पाळली जाणारी ही वेळ अधिकृत नसली, तरी रूढ आहे. २००९ मध्ये सेदुना ते कॅलगुर्ली या १,३६५ किमी. अंतरात विखुरलेले अठरा खळग्यांचे गॉल्फचे मैदान सुरू करण्यात आले. एका थांब्यावर एक खळगा खेळावयाचा व पुढच्यासाठी मोटारीने पुढे जावयाचे, अशी त्याची रचना आहे. पर्यटनवाढीबरोबरच चालकांनी वारंवार उतरावे, हाही त्यामागील हेतू होता. वरवर गमतीदार वाटणारी ही योजना वस्तुतः रस्त्याने गमावलेली वळणे प्रवाशाला परत मिळवून देण्याचा एक प्रयत्न आहे.

इतर देशांतील अनुभव : सौदी अरेबियात हरद ते अल् बथा यांदरम्यान वाळवंटातून जाणारा सु. २४० किमी.चा रस्ता हा जगातील सर्वांत लांब सरळ रस्ता मानला जातो. सपाट व निर्जन प्रदेशांतील असे मार्ग अपवादात्मक असले, तरी नव्या द्रुतगती मार्गांच्या आखणीत त्यांचे काही गुणधर्म दाट वस्तीच्या देशांतही उतरले आहेत. महाराष्ट्रातील मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग (७०१ किमी.) हे त्याचे उदाहरण होय. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमी.चा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व इगतपुरी ते आमणे हा ७६ किमी.चा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग आयर महामार्गासारखा निर्जन नाही आणि संपूर्ण सरळही नाही. परंतु त्याची वळणे मोठ्या त्रिज्येची व सौम्य आहेत, गावे कुंपणाबाहेर राहिली आहेत, आणि चौक, वेस, पार, चहाची टपरी यांपैकी काहीही चालकाच्या वाटेत येत नाही. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेच्या कारणांविषयी वेगवेगळी मते मांडली गेली. तथापि या महामार्गावरील अपघातांच्या चर्चेमुळे ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांतून सर्वपरिचित झाला.

मार्ग आखणाऱ्यांनी यातून काही धडे घेतले आहेत. सपाट प्रदेशातही लांबच लांब सरळ रेषा टाळून मधून मधून मोठ्या त्रिज्येचे वक्र घालणे, कडेला चाक गेल्यास खडखडाट होईल अशा पट्ट्या बसविणे, ठराविक अंतरावर विश्रांतिस्थाने व फलक ठेवणे, हे उपाय आता अनेक देशांत अवलंबिले जातात. वाहन पट्ट्याबाहेर जाऊ लागल्यास किंवा चालकाचे डोळे मिटू लागल्यास इशारा देणारी साधनेही प्रचारात आली आहेत. परंतु थकलेल्या चालकाने थांबणे, याची जागा यांपैकी कोणताही उपाय घेऊ शकत नाही.

आयरला सात दिवस पाणी मिळाले नाही, तेव्हा पुढे कोठे वळावे हे माहीत नसणे हाच त्याचा धोका होता. तेच मैदान आज काही तासांत ओलांडणाऱ्या चालकाला कोठेही वळावयाचे नसते व त्याचे स्थान उपग्रह क्षणोक्षणी सांगत असतात. धोका उरतो तो त्याच्या स्वतःच्या अवधानाचा. तारेचे खांब, लोहमार्ग, डांबर व उपग्रह यांनी वाट शोधण्याचा भार क्रमाक्रमाने प्रवाशाच्या डोक्यावरून उतरविला. जागे राहण्याचा भार मात्र त्याच्याकडेच राहिला आहे, आणि कायगुनाचा थांबा गाठेपर्यंतची ८० मिनिटे त्याने तो एकट्यानेच वाहावयाचा असतो.